चौकीची जोडी आणि अंगावर येणारा खेळाडू

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात मित्रांबरोबर पोकरमधलं नो-लिमिट होल्डेम (हातातले दोन आणि टेबलावरचे पाच सामाईक पत्ते मिळून उत्तम पाच, आणि बेट कितीही मोठी) शिकलात, गोव्याला गेल्यावर दोन-चार वेळा टेबलावर बसलात, आणि आता सॅन होजेच्या बाजूला राहायला आल्यावर २०/४० डॉलरचं लिमिट होल्डेम, म्हणजे बेटचं माप ठरलेला प्रकार, खेळायला लागलात. परवा बिग ब्लाइंडमध्ये (पत्ते बघायच्या आधीच २० डॉलर टाकावे लागतात त्या जागेवर) तुम्हाला चौकीची जोडी आली. बटनवरच्या (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणाऱ्या जागेवरच्या) मुलाने रेझ केलं, म्हणजे बेट वाढवली, तो जवळजवळ दर दुसऱ्या हाताला रेझ करणारा. स्मॉल ब्लाइंडने (आधी १० टाकणाऱ्याने) पत्ते टाकले, तुम्ही कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे भरले. फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते, आला बादशहा-अठ्ठी-तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगांचे. तुम्ही चेक (बेट न लावता पुढे), त्याची बेट, तुमचा कॉल. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, गुलाम. पुन्हा तुमचा चेक, पुन्हा त्याची बेट, आणि तुम्ही पत्ते टाकले. त्याने सत्ती-छक्की उघडी करून दाखवली. असं आठवड्यातून तीन-चार वेळा होतं, तर लहान जोड्या खेळणं सोडूनच द्यावं का, असं तुम्ही विचारलंत.

सोडू नका. जोडी खेळण्यात तुमची चूक नाही. ती कशासाठी खेळताय, हे ठरवण्यात आहे.

नो-लिमिटमध्ये लहान जोडी म्हणजे सेटची वाट बघणं. फ्लॉपवर तिसरी चौकी आली तर राहायचं, नाही आली तर निघायचं. तिथे ते बरोबर आहे, कारण सेट लागला की समोरच्याची अख्खी रास आपल्याकडे ओढता येते. लिमिटमध्ये ती सोयच नाही. फ्लॉपपर्यंत २० ची बेट, टर्न आणि रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) ४० ची, एका फेरीत एक बेट आणि तीन रेझ. दोघेच उरले तर काही कार्डरूममध्ये रेझची ही मर्यादा उठते, पण वाढ प्रत्येक वेळी ठरलेल्या मापानेच. फ्लॉपवर सेट किंवा त्याहून चांगलं काही लागण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांतून एकदा. उरलेल्या साडेसात वेळा पैसे देऊन निघायचं आणि त्या एका वेळेत सगळं भरून काढायचं, हा हिशोब एकट्या समोरच्याविरुद्ध, ठरलेल्या मापाच्या बेटमध्ये बसत नाही. सेट हवाच, मिळाला तर आनंदच, पण पोट त्याच्यावर भरायचं नाही.

एकाच आक्रमक खेळाडूसमोर लिमिटमध्ये चौकीची जोडी हाच तुमचा हात असतो. आपण सगळे तीन पत्तीवर वाढलेले. तिथे जोडी आली की आपण नुसत्या मोठ्या पानाला घाबरत नाही, सरळ चाल करतो. होल्डेममध्ये समोर बादशहा, गुलाम उघडे पडले की तोच माणूस आपल्या जोडीकडे केविलवाण्या नजरेने बघायला लागतो. खरी गोष्ट अशी आहे की ज्याच्या हातात जोडी नाही, अशा दोन पत्त्यांना फ्लॉपवर निदान एक जोडी लागण्याची शक्यता ३२.४ टक्के आहे. तीनपैकी दोन वेळा त्याला काहीही लागलेलं नसतं. तो मात्र तिन्ही वेळा बेट करतो, कारण तुम्ही दोन वेळा पत्ते टाकता हे त्याला पाठ झालेलं आहे.

आता तुमच्याच हातातले पैसे मोजू. बटनचा रेझ ४०, स्मॉल ब्लाइंडचे पडलेले १०, तुमचे आधीचे २०. म्हणजे ७० साठी तुम्ही आणखी २० दिले, हा भाव साडेतीनास एक. फ्लॉपला पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या राशीत, ९० आले. इथून रिव्हरपर्यंत तो प्रत्येक वेळी बेट करणार आणि तुम्ही प्रत्येक वेळी कॉल करणार असं धरलं, तर तुमचे जातात २० अधिक ४० अधिक ४०, म्हणजे १००. जिंकलात तर मिळतात आधीचे ९० आणि त्याचे १००. एकूण २९० च्या पॉटमध्ये तुमचे १००. म्हणजे शंभरातून साडेचौतीस वेळा जिंकलात की बरोबरी.

हा आकडा पाठ करून ठेवा: साडेचौतीस. आता दुसरी बाजू. तो मुलगा बटनवरून निम्म्याच्या आसपास हात खेळतो असं तुम्हीच लिहिलंय. अशा हातांसमोर चौकीच्या जोडीची पत्ते वाटल्या क्षणाची ताकद पन्नास टक्क्यांच्या आसपास आहे. एका संध्याकाळी कागद घेऊन बसा आणि त्याचे सगळे हात बादशहा-अठ्ठी-तिर्रीवर मांडून बघा. मी मांडले होते. दहापैकी साधारण सहा वेळा चौकीची जोडी पुढे निघते. पुढे असताना त्याला वाचवणारे गड्डीत सहसा सहाच पत्ते उरतात, त्याच्या दोन वरच्या पत्त्यांचे तीन-तीन. दोन फेऱ्यांत त्यातला एखादा पडण्याची शक्यता २५ टक्के. सगळं धरून तुम्ही निम्म्याच्या जरा कमी वेळा जिंकता आणि हवे आहेत साडेचौतीस. फ्लॉपचा कॉल तर बरोबर होताच, पण तो करतानाच पुढचे दोन कॉलही मनात धरायला हवे होते. तुम्ही फ्लॉपला २० देऊन टर्नला निघालात, म्हणजे तिकीट काढलं आणि गाडी यायच्या आत स्टेशनबाहेर पडलात.

टर्नच्या क्षणी भाव काय होता तेही बघा. पॉट १३०, त्याची बेट ४०. रिव्हरलाही कॉल करायचा धरला तर तुमचे ८० जाणार आणि २१० मिळणार. साडेसत्तावीस टक्के पुरतात. गुलाम पडल्याने त्याला थोडी मदत झाली, मान्य. पण दहापैकी तीन वेळा जरी तुम्ही पुढे असाल तरी कॉल परवडतो. सत्ती-छक्कीवरही टर्नला बेट मारणारा माणूस दहापैकी तीनपेक्षा पुष्कळ जास्त वेळा मोकळ्या हाताने, म्हणजे काही लागलेलं नसताना, मारतो.

इथेच खरा प्रश्न येतो आणि तो पत्त्यांचा नाही, माणसाचा आहे. "आक्रमक" हा एकच शब्द आपण निदान तीन प्रकारच्या माणसांना लावतो. पहिला, जो सुरू झाला की थांबतच नाही. फ्लॉप, टर्न, रिव्हर, हातात काही असो-नसो. दुसरा, जो रेझ सढळ हाताने करतो, फ्लॉपलाही एक बेट टाकतो, पण टर्नला काही लागलेलं नसेल तर गप्प चेक करून फुकटचा पत्ता घेतो. तिसरा, जो खूप रेझ करतो पण चांगल्या हातांवरच, आणि लोक त्याला उगाच वेडा समजतात. टेबलावर तिघंही सारखेच दिसतात, चिप्स फेकण्याचा आवाजही सारखाच. पण चौकीच्या जोडीसाठी ते तीन वेगळे खेळ आहेत.

पहिल्याला शेवटपर्यंत कॉल करायचं. त्याला रेझ करून जागं करू नका. तो स्वतःहून तुमच्या पॉटमध्ये पैसे टाकतोय, त्याला टाकू द्या. दुसऱ्याने टर्नला पुन्हा बेट केली, तर त्या बेटला किंमत आहे. तिथे बादशहा-अठ्ठी-तिर्री-गुलामवर चौकी टाकली तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही, कारण मोकळ्या हाताने तो टर्नला मारत नाही, आणि तुम्हाला हवे असलेले ते दहापैकी तीन तिथे भरत नाहीत. तिसऱ्यापुढे फ्लॉपलाच सोडा.

कोण कुठला हे कळणार कसं? रेझ किती करतो हे मोजून काही कळत नाही, शोडाउन बघा, म्हणजे शेवटी पत्ते उघडले जातात ते. मी अजूनही खिशात छोटी वही ठेवतो, आणि स्वतः हातात नसताना ती जास्त भरते. "सीट ५, टर्नला बेट, रिव्हरला चेक, एक्का-नव्वी, काही नाही." अशा तीन-चार नोंदी झाल्या की माणूस कळायला लागतो. आपला हात टाकला की बहुतेक जण फोनमध्ये डोकं घालतात. त्या दहा मिनिटांत समोरचा फुकटात आपली सगळी माहिती देत असतो.

फ्लॉप कसा आहे यावरही बरंच अवलंबून आहे, आणि इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण पुस्तकी सल्ल्यात हे नेहमी एका ओळीत उरकलेलं असतं.

समजा फ्लॉप आला राणी-गुलाम-नव्वी, आणि समोरच्याकडे एक्का-दश्शी आहे. त्याला जोडीसुद्धा नाही, चौकीच्या जोडीने तुम्ही पुढे आहात. पण त्याला बादशहा आला तर सीक्वेन्स, अठ्ठी आली तरी सीक्वेन्स, एक्का किंवा दश्शी आली तर मोठी जोडी. चार, चार, तीन आणि तीन: चौदा पत्ते. दोन फेऱ्यांत त्यातला एखादा येण्याची शक्यता जवळपास ५३ टक्के. म्हणजे तुम्ही पुढे असतानाही निम्म्याहून कमी वेळा जिंकता, आणि मागे असता तेव्हा तर तुमच्याकडे फक्त दोन चौक्या उरलेल्या. अशा फ्लॉपवर लहान जोडी घेऊन धैर्य दाखवण्यात काही अर्थ नाही. समोरचा कितीही थापा मारणारा असो, पहिल्याच बेटला सोडा.

उलट फ्लॉप अठ्ठी-अठ्ठी-तिर्री असेल आणि तुमच्याकडे छक्कीची जोडी, तर मी शांतपणे रिव्हरपर्यंत जातो. अठ्ठ्या दोनच उरल्या आहेत, त्याच्याकडे त्यातली एक असणं अवघड. शिवाय पुढे तिर्रीची जोडी लागली तरी तुमच्या अठ्ठ्या-छक्क्या अठ्ठ्या-तिर्र्यांच्या वरच राहतात.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण याचं उलटं झालं की लोकांच्या लक्षातही येत नाही. तुमच्याकडे तिर्रीची जोडी. फ्लॉप बादशहा-अठ्ठी-छक्की, टर्नला दुसरी अठ्ठी. समोरच्याकडे एक्का-नव्वी, काही लागलेलं नाही. तुम्हाला वाटतं, त्याला फक्त एक्का किंवा नव्वी हवी, सहाच पत्ते. पण रिव्हरला बादशहा पडला तर समोर बादशहाची जोडी आणि अठ्ठीची जोडी मांडलेली. तुमच्या तिर्र्यांना आता किंमत उरली नाही, पाचवा पत्ता म्हणून त्याचा एक्का जिंकतो. छक्की पडली तरी तेच. तीन बादशहा, तीन छक्क्या, म्हणजे आणखी सहा पत्ते. सहाचे बारा झाले, १४ टक्क्यांचे २७. टेबलावर याला काउंटरफीट होणं म्हणतात. मी नवा असताना अशा रिव्हरवर दोन वेळा आत्मविश्वासाने तिर्री उलटी करून दाखवली, आणि डीलरने पॉट समोर सरकवला तेव्हा कुठे पत्ते नीट वाचले. दुर्री, तिर्री, चौकी या जोड्या पंजी-छक्कीपेक्षा कमकुवत आहेत त्या मुख्यतः यामुळे. कुठल्याही अनोळखी हातासमोर दुर्रीची जोडी जेमतेम ५० टक्के जिंकते, चौकीची ५७, छक्कीची ६३. दुर्रीसमोर दोन्ही बदामाचे गुलाम-दश्शी असतील तर चक्क तेच किंचित पुढे असतात.

आता वहीतला एक हात सांगतो. २०/४०, शुक्रवारची रात्र, माझ्या उजव्या हाताला एक तरुण, तुमच्या त्या मुलासारखाच. त्याने बटनच्या आधीच्या जागेवरून ४० केले, मी बटनवर पंजीची जोडी घेऊन ६०. दोन्ही ब्लाइंड गेले, त्याने कॉल केला. पॉट १५०. फ्लॉप राणी-अठ्ठी-तिर्री, रंग सगळे वेगळे. तो चेक, मी २०, त्याने ४० केले. बहुतेक लोक इथे गळतात. राणी आहे, चेक-रेझ (आधी चेक, मग बेटवर रेझ) आहे, आता काय उरलं? मी वीस टाकले. पॉट २३०. टर्नला दुर्री. त्याने ४० टाकले, मीही ४०. पॉट ३१०. रिव्हरला बादशहा. त्याने डोळ्याची पापणी न लववता ४० टाकले.

त्या क्षणी माझ्या मनात एकच आकडा होता: ३५० साठी ४०. दहात एकदा जरी माझी पंजी पुढे असेल तरी चालेल. मी चार चिप्स उचलून पुढे ठेवल्या. त्याने गुलाम-दश्शी दाखवली. त्याला नव्वी हवी होती, आली नाही.

यात मी हुशारी काही केली नाही. फ्लॉपला चेक-रेझ आला तेव्हाच ठरवलं होतं की या माणसाला, या फ्लॉपवर, शेवटपर्यंत कॉल. पुढचे दोन निर्णय नव्याने घ्यायचेच नव्हते. टर्नला रेझ का केलं नाही, असं शेजारच्या काकांनी नंतर विचारलं. रेझ केलं असतं तर त्याने गुलाम-दश्शी कदाचित टाकली असती, रिव्हरचे ४० मला मिळाले नसते, आणि राणीवाला असता तर त्याने उलट मलाच मारलं असतं.

पण सगळीकडे नुसतं कॉल करत बसणंही चुकीचं आहे. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे टर्नला गप्प होणारा आक्रमक समोर असेल, तर कॉल करून तुम्ही त्याला रिव्हरचा पत्ता फुकट देता, आणि लहान जोडीला फुकटचे पत्ते देणं सोसत नाही. तिथे मी फ्लॉपला चेक-रेझ करतो. मात्र त्याने तो लगेच पळेल अशी आशा ठेवू नका. तुमच्या ९० च्या पॉटमध्ये त्याने २० टाकले, तुम्ही ४० केले, तर त्याला १५० साठी २० द्यायचे आहेत, साडेसातास एक. सहा पत्त्यांची वाट बघायला साडेसहास एक भाव पुरतो. तो कॉल करणार आणि बरोबर करणार. खरा फायदा टर्नला. आता पॉट १७०, तुम्ही स्वतः पुढे होऊन ४० टाकता, त्याला २१० साठी ४०. सव्वापाचास एक. त्याला हवा सव्वासहाच्या वर. आता त्याने कॉल केला तर तो चुकतो, आणि टाकलं तर तुमच्या चौकीला उरलेल्या सहा पत्त्यांची भीती संपते. फ्लॉपचा चेक-रेझ हा टर्नच्या बेटची तयारी असतो. जे फ्लॉपला रेझ करून टर्नला घाबरून चेक करतात त्यांचे ते २० डॉलर वाया जातात.

लहान जोड्यांवर पुन्हा रेझ करणं हा वेडेपणा नाही, याला एक भक्कम आधार आहे. कॅनडात एडमंटनला अल्बर्टा विद्यापीठ आहे. तिथल्या मायकल बोलिंग यांच्या गटाने जानेवारी २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की दोन खेळाडूंचं लिमिट होल्डेम व्यवहारतः सुटलेलं आहे, म्हणजे त्याचा जवळजवळ बिनचूक खेळ सापडलेला आहे. त्यांच्या प्रोग्रामचं नाव सेफियस. माणसं आणि सेफियस यांच्यातले जे फरक त्यांनी नोंदवले त्यात एक असा होता: डीलर नसलेल्या जागेवरून, म्हणजे आपल्या बिग ब्लाइंडवरून, तो माणसांपेक्षा जास्त हात खेळतो, आणि तिर्री-चौकीसारख्या लहान जोड्यांवर माणसांपेक्षा कितीतरी जास्त वेळा उलट रेझ करतो. मी ते वाचलं तेव्हा माझी स्वतःची बिग ब्लाइंडची पद्धत बदलली. ब्लाइंडचे पैसे उचलायला रेझ करणाऱ्या बटनसमोर मी आता पंजीपासून वर जवळजवळ नेहमी तिसरी बेट लावतो, म्हणजे त्याच्या रेझवर पुन्हा रेझ, आणि दुर्री ते चौकीवर माणूस बघून. स्मॉल ब्लाइंडमध्ये असेन तर पंजी-छक्कीवर कॉल नाहीच. एक तर तिसरी बेट, नाहीतर पत्ते खाली. तिथे नुसता कॉल केला की मागचा बिग ब्लाइंडही स्वस्तात आत येतो, आणि तिसरा माणूस आला की लहान जोडीचा जीवच जातो.

सेफियस दोघांचा खेळ खेळतो, हे मात्र विसरू नका. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून तिर्रीवर रेझ-रेझ खेळायला त्याने सांगितलेलं नाही.

तिसरा माणूस हा विषय खरं तर वेगळा लिहायला हवा, इथे एवढंच सांगतो. फ्लॉपवर तुम्ही, आक्रमक खेळाडू आणि मध्ये एक शांत गृहस्थ असे तिघे असाल, तर आक्रमक माणसाकडे बघू नका. त्याची बेट काहीच सांगत नाही, तो नेहमीच बेट करतो. बघा त्या शांत गृहस्थांकडे. त्यांनी त्या बेटला कॉल केला असेल तर त्यांच्याकडे काहीतरी आहे, आणि ते काहीतरी तुमच्या चौकीपेक्षा मोठं आहे. सेट नसेल तर सोडा. मी पैसे घालवलेले बहुतेक हात असेच होते. डोळे सगळा वेळ आरडाओरडा करणाऱ्यावर, आणि पॉट नेला न बोलणाऱ्याने.

पाच-सहा जण आत असतील तर मात्र तुमची जुनी नो-लिमिटची सवय पुन्हा कामाला येते. चार जणांनी ४०-४० टाकलेत, स्मॉल ब्लाइंडचे १० आहेत, तुमचे २० आधीच आत, तर १९० साठी तुम्हाला २० द्यायचे. साडेनवास एक. सेटला लागतो साडेसातास एक. डोळे मिटून कॉल, आणि फ्लॉपवर सेट नसेल तर डोळे मिटून फोल्ड.

आणि पहिल्याच जागेवरून रेझ करणारा सावध माणूस असेल, जो नव्वीच्या जोडीपासून वर आणि मोठे एक्के एवढंच खेळतो, तर चौकी त्याच्यासमोर शंभरात पस्तीस-छत्तीस वेळा जिंकते, तेही रिव्हरपर्यंत टिकलात तर. आणि त्याच्यासमोर आंधळेपणाने टिकणं महागात पडतं. बिग ब्लाइंडमध्ये २० देऊन फ्लॉप बघायला हरकत नाही, पण मधल्या जागेवरून ४० देऊन अजिबात नको.

आता तुमच्या प्रश्नातल्या आणखी एका वाक्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, "टर्नला टाकलं की निदान पैसे तरी वाचतात." ही समजूत मोडायला मला स्वतःला फार वेळ लागला. सुरुवातीच्या वर्षांत एकदा छक्कीच्या जोडीवर रिव्हरपर्यंत गेलो, शेवटी एक्का पडला, समोरच्याने बेट केली आणि मी शहाण्यासारखा चेहरा करून पत्ते टाकले. त्याच्याकडे राणी-दश्शी होती, काहीच नव्हतं. पॉटमध्ये त्याच्या बेटसकट ३६० डॉलर होते आणि मी ४० वाचवले होते. घरी जाताना गाडीत हिशोब केला: असा एक चुकीचा फोल्ड भरून काढायला मला नऊ बरोबर फोल्ड करावे लागतील. चुकीचा कॉल ४० ला पडतो, चुकीचा फोल्ड अख्ख्या पॉटला. नो-लिमिटमध्ये ही दोन्ही पारडी जवळजवळ असू शकतात. लिमिटमध्ये रिव्हरला ती कधीच जवळ नसतात, म्हणून रिव्हरला हात सोडताना सगळ्यात जास्त विचार करा. हाच तुमच्या खेळातला सगळ्यात मोठा बदल ठरेल.

असं खेळल्यावर पैसे वर-खाली जास्त होतील, हे आधीच सांगून ठेवतो. शेवटपर्यंत कॉल करणारा माणूस हरतो तेव्हा फ्लॉपपासून पुढेच अडीच मोठ्या बेट (मोठी बेट म्हणजे टर्न-रिव्हरची ४० ची) हरतो, आणि एका संध्याकाळी असं लागोपाठ पाच-सहा वेळा होऊ शकतं. लिमिट खेळणाऱ्यांमध्ये ३०० मोठ्या बेटची शिल्लक ठेवायचा जुना रिवाज आहे. २०/४० साठी ते १२,००० डॉलर होतात. एवढे घरखर्चाला हात न लावता बाजूला नसतील तर ८/१६ ला बसा, शिकायला तेच टेबल पुरेसं आहे. ४/८ ला मात्र हे बारकावे फारसे चालत नाहीत. कार्डरूम प्रत्येक हातामागे जी ठरलेली रक्कम कापून घेते ती तिथल्या छोट्या पॉटच्या मानाने मोठी असते, आणि पन्नास विरुद्ध साडेचौतीस टक्क्यांतला आपला जो फायदा, त्यातला बराचसा ती खाऊन टाकते.

आणि भारतात असलेल्या ज्यांनी हे वाचून ऑनलाइन सराव करायचं मनात आणलं असेल त्यांच्यासाठी: पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद आहेत. सराव करायचा तर बिनपैशाच्या टेबलावर किंवा घरी पत्ते उघडे मांडून करा. दोन वरचे पत्ते एका बाजूला, चौकीची जोडी दुसऱ्या बाजूला, शंभर फ्लॉप. हाताला आणि डोळ्याला तेवढ्यानेच पुष्कळ कळतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की तो मुलगा पुन्हा टेबलावर दिसला तर काय करू. तो तुमच्या उजव्या हाताला बसलेला असेल तर थांबा, चांगली जागा आहे. तो रेझ करेल, मग तुम्ही पंजी-छक्कीवर तिसरी बेट लावून बाकीच्यांना बाहेर ठेवू शकता. तो डाव्या हाताला असेल तर लहान जोडी घेऊन नुसता कॉल करून आत शिरू नका, कारण तो रेझ करून तुम्हाला एकटं पाडेल, आणि प्रत्येक फेरीत तुम्हाला त्याच्या आधी बोलावं लागेल. अशा वेळी डीलरकडे सीट चेंजचं बटन (जागा बदलायचा नंबर लावणारी खूण) मागा आणि त्याच्या डावीकडची खुर्ची रिकामी होईल तेव्हा तिकडे जाऊन बसा. तोवर बटनच्या आसपास नसाल तर दुर्री ते चौकी टाकत राहा. बिग ब्लाइंडमध्ये त्याच्याशी एकास एक गाठ पडली, तर फ्लॉप उघडल्यावर पहिला कॉल करायच्या आधी मनात शंभर डॉलर मोजा.